मागील पानावरून पुढे

एप्रिलच्या परीक्षा आटोपल्या की गडहिंग्लजच्या एस.टी. स्थानकावर पुण्या-मुंबईहून आणि बेंगळुरूहून येणाऱ्या नातवंडांची वर्दळ वाढते. पाठीवरच्या पिशवीत सुट्टीतील अभ्यासाची वही असते. तिच्या खाली, वडीलधाऱ्यांच्या नजरेस लगेच पडू नयेत अशा बेताने, दोन-चार इंग्रजी चित्रकथा ठेवलेल्या असतात. मुखपृष्ठावर काळेभोर आकाश, जळती याने, हातात प्रकाशाची तलवार घेतलेला तरुण. दुपारी जेवणे उरकून घर आडवे झाले की माडीवर ही पुस्तके उघडली जातात, आणि खाली सोप्यात बसलेल्या आजोबांपुढे एक जुनाच प्रश्न उभा राहतो : हे वाचू द्यावे की काढून घ्यावे?

उत्तर देण्यापूर्वी आजोबांनी स्वतःचे बालपण आठवावे हे बरे. मुंबईच्या टाइम्स ऑफ इंडिया प्रकाशनाने मार्च १९६४ मध्ये ‘इंद्रजाल कॉमिक्स’ ही मालिका सुरू केली. इंग्रजीखेरीज मराठी, हिंदी आणि अन्य भारतीय भाषांतूनही ती निघत असे. परदेशी ‘फँटम’ मराठीत ‘वेताळ’ झाला, जादूगार मँड्रेक घरचा झाला आणि १९७६ मध्ये आबिद सुरती यांचा ‘बहादूर’ त्या पंक्तीत येऊन बसला. त्याच मालिकेत फ्लॅश गॉर्डन नावाचा एक अंतराळवीरही होता. १९९० मध्ये मालिका बंद पडेपर्यंत एका अंकावर दहा-दहा मुलांचे हात फिरले. ती पिढी पुढे शिक्षक झाली, डॉक्टर झाली, व्यापार-उदिमात स्थिरावली. चित्रकथांनी तिचे काही बिघडवले असे दिसत नाही. तेव्हा पुस्तक काढून घेण्यापेक्षा ते स्वतः वाचून पाहणे हा अधिक शहाणपणाचा मार्ग होय. या महिन्यात परीक्षणासाठी अशीच एक चित्रकथा घेतली आहे. तिचे नाव ‘डार्क एम्पायर – २’. लेखक टॉम व्हिच, चित्रकार कॅम केनेडी. अमेरिकेतील डार्क हॉर्स या प्रकाशनसंस्थेने १९९४-९५ मध्ये सहा अंकांत ती प्रसिद्ध केली.

ही कथा ज्या प्रकारात मोडते त्याला इंग्रजीत ‘स्पेस ऑपेरा’ म्हणतात. या नावाचा उगम मनोरंजक आहे. अमेरिकेतील रेडिओवर साबणाच्या कंपन्या ज्या रडक्या कौटुंबिक मालिका प्रायोजित करीत, त्यांना थट्टेने ‘सोप ऑपेरा’ म्हटले जाई. त्याच चालीवर विल्सन टकर यांनी १९४१ मध्ये अंतराळयानांच्या ठोकळेबाज कथांना ‘स्पेस ऑपेरा’ असे हिणवले. पुढे हिणवण्याचा अर्थ गळून पडला आणि एका भव्य कथाप्रकाराचे ते नाव झाले. मराठीत त्याला ‘अवकाशगाथा’ म्हणता येईल. यात विज्ञान फार काटेकोर नसते. असंख्य ग्रह, साम्राज्ये, बंडखोर, राजकन्या, गुरू-शिष्य, पिता-पुत्र आणि सत्-असत् यांचा संग्राम हा त्याचा ऐवज. पुराणकथांवर वाढलेल्या मराठी वाचकाला ही मांडणी परकी वाटण्याचे कारण नाही.

या गाथांचा एक मूळपुरुष म्हणजे वर उल्लेखिलेला फ्लॅश गॉर्डन. अलेक्स रेमंड यांनी ७ जानेवारी १९३४ रोजी वृत्तपत्राच्या रविवारच्या पानावर त्याला जन्म दिला. मोंगो नावाच्या ग्रहावरील मिंग या निर्दय सम्राटाशी त्याचे वैर. १९७०च्या दशकाच्या आरंभी जॉर्ज लुकास या तरुण दिग्दर्शकाला या कथेवर चित्रपट काढायचा होता, परंतु हक्क मिळाले नाहीत. तेव्हा त्याने स्वतःचेच विश्व रचले आणि मे १९७७ मध्ये ‘स्टार वॉर्स’ हा चित्रपट पडद्यावर आला. म्हणजे गडहिंग्लजचे आजोबा ज्या फ्लॅश गॉर्डनच्या प्रती उसन्या आणून वाचत होते, त्याच झाडाच्या फांदीवरचे फळ आज नातवाच्या पिशवीत आहे. दोन पिढ्यांमधील अंतर वाटते तेवढे मोठे नाही.

कोणत्याही उत्तरभागाचे परीक्षण करताना आधीच्या भागाची अखेरची शिल्लक पाहावी लागते. खतावणीत एका वर्षाची अखेरची शिल्लक हीच पुढील वर्षाची आरंभीची शिल्लक असते. मागील पानावरून जो आकडा पुढे आणला जातो त्यात मनाजोगता बदल करता येत नाही. जुनी नोंद खोडणे निषिद्ध. चूक दुरुस्त करायची असेल तर नवी नोंद करावी, तिचे कारण लिहावे आणि तिच्याखाली सही करावी. कथाकारालाही हा नियम लागू आहे. पूर्वी जे घडले ते घडले. ते फिरवायचे असेल तर कारण द्यावे आणि त्याची किंमत मोजावी.

‘स्टार वॉर्स’ची १९८३ मधील अखेरची शिल्लक अशी होती. सम्राट पॅल्पटीन याच्या हाताखाली राहून असंख्य दुष्कृत्ये केलेला डार्थ व्हेडर हा वस्तुतः नायक ल्यूक स्कायवॉकर याचा पिता. शेवटच्या प्रसंगी सम्राट ल्यूकला ठार मारू लागतो. ल्यूक शस्त्र टाकून देतो, पित्याला हाक मारतो, आणि तो काळा पोलादी पुरुष आयुष्यात प्रथमच आपल्या स्वामीविरुद्ध उभा राहतो. सम्राटाला उचलून तो खोल विवरात फेकून देतो आणि त्या श्रमाने स्वतःही मरतो. पुत्राची जीवनभराची श्रद्धा आणि पित्याचा मरणसमयीचा पश्चात्ताप यांचे ते फळ होते. हिशेब जुळला होता.

पहिल्या ‘डार्क एम्पायर’ने (१९९१-९२) हा जुळलेला हिशेब पुन्हा उघडला. सहा वर्षे लोटली आहेत आणि मेलेला सम्राट परत आला आहे. बिस नावाच्या दूरच्या ग्रहावर त्याने स्वतःच्या देहाच्या प्रतिकृती, म्हणजे क्लोन, वाढवून ठेवल्या होत्या. एक देह नष्ट होताच त्याचे चैतन्य दुसऱ्यात शिरते. त्याला आतून संपवावे म्हणून ल्यूक वरकरणी त्याचे शिष्यत्व पत्करतो आणि पित्याच्याच वाटेवर घसरू लागतो. अखेर बहीण लेया त्याला हात देते. दोघा भावंडांपुढे सम्राटाने स्वतःच उठवलेले वादळ त्याच्यावर उलटते आणि त्याचे जहाज त्याच्यासह नष्ट होते. या भागाने मृत सम्राटाला उठवले खरे, पण त्याची किंमत ल्यूककडून वसूल केली. नायकाचे अधःपतन आणि त्यातून सावरणे हा त्या भागाचा गाभा होता. म्हणून ती नवी नोंद वाचकांनी मान्य केली.

दुसऱ्या भागाची सुरुवात होते तेव्हा सम्राट पुन्हा एकदा मेलेला आहे आणि त्याचे सरदार मागे उरले आहेत. त्यांचा प्रमुख सेड्रिस हा त्याच्या आज्ञेनुसार आक्रमणाची योजना पुढे रेटतो. इकडे बिस ग्रहावर सम्राटाचेच दोन सेवक शिल्लक राहिलेले क्लोन नष्ट करण्याचा प्रयत्न करतात. दरबारातील ही फितुरी ऐन वेळी उघडकीस येते. सेड्रिस पोहोचतो, आणि एका काचपात्रातून तरुण देहाचा सम्राट पुन्हा बाहेर पडतो. आता त्याच्या शस्त्रागारात एक नवी तोफ आहे. आकाशगंगेच्या एका टोकावरून सोडलेला तिचा गोळा दुसऱ्या टोकावरील ग्रहाचा वेध घेतो.

यानंतर कथा तीन धारांनी वाहते. पहिल्या धारेत ल्यूक, पूर्वी सम्राटाच्या बाजूला गेलेल्या आणि आता सन्मार्गावर आणलेल्या कॅम सोलुसारला बरोबर घेऊन, ओसस नावाच्या उजाड ग्रहावर जातो. तेथे पुरातन काळी ज्ञानाचे मोठे केंद्र होते, ते युद्धात भस्मसात झाले. अवशेषांत राहणारी जमात त्या जुन्या ज्ञानी योद्ध्यांचीच वंशज आहे, पण तिला स्वतःच्या वारशाचा विसर पडला आहे. त्या जमातीतील जेम ही तरुणी आणि तिचा भाऊ रेफ ल्यूकचे शिष्य होतात. तेथेच एक महावृक्ष उभा आहे. तो वृक्ष म्हणजे शतकानुशतके मौन धरलेला ऊड नावाचा गुरू, आणि त्याच्या मुळांखाली त्याने जपलेला ग्रंथसंग्रह आहे. सेड्रिस तेथे चालून येतो तेव्हा हा वृक्षगुरू जागा होतो आणि स्वतःचा अंत ओढवून घेऊन त्यालाही बरोबर नेतो. ग्रंथ मात्र वाचतात.

दुसऱ्या धारेत लेया आणि तिचा पती हान सोलो नार शद्दा या चोरबाजारासाठी कुप्रसिद्ध असलेल्या वस्तीत एका वृद्ध ज्ञानी स्त्रीच्या शोधात फिरतात. पाठीवर बॉबा फेट हा बक्षिसासाठी माणसे पकडणारा शिकारी आहे. लेयाच्या पोटात तिसरे मूल आहे आणि सम्राटाची नजर त्या मुलावरही आहे.

तिसरी धारा बिस ग्रहावरील हल्ल्याची. येथे शस्त्रव्यापाराचे एक लक्षणीय चित्र आले आहे. बाल्मोरा हा यंत्रयोद्धे बनवणारा ग्रह. तेथील अधिपती सम्राटाच्या सैन्याने घेरला जातो, आपल्या मालाची ताकद दाखवतो आणि हल्लेखोरालाच गिऱ्हाईक करून सोडतो. पूर्वी तो दुसऱ्या पक्षाला माल पुरवीतच होता. पुढे सम्राटाने मागवलेल्या या यंत्रयोद्ध्यांच्या पोटात लँडो कॅलरिशियन आपले सैनिक लपवतो आणि माल पोहोचता होताच ते बिसवर बाहेर पडतात. युरोपीय वाचकाला येथे ट्रॉयचा लाकडी घोडा आठवेल. मराठी वाचकाला १६६३ साली पुण्यात लाल महालावर घातलेला छापा आठवल्यावाचून राहणार नाही. मात्र येथे डाव फसतो. सम्राटाने सोडलेल्या अजस्र श्वापदांपुढे हल्लेखोरांना जीव वाचवून पळावे लागते.

शेवटाकडे नव्या तोफेचा गोळा सुटतो आणि नव्या प्रजासत्ताकाचा तळ असलेला एक चंद्र नाहीसा होतो. लेयाची जुळी मुले जेथे सुरक्षित म्हणून ठेवली होती त्या वसाहतीवर धाड पडते. त्या धामधुमीत जेम मारली जाते. या सगळ्या विध्वंसाच्या अखेरीस लेयाला मुलगा होतो. त्याचे नाव अनाकिन ठेवले जाते, म्हणजे डार्थ व्हेडरचे तो दुष्ट होण्यापूर्वीचे नाव. ज्याने आयुष्यभर पाप केले आणि शेवटच्या घटकेला सुधारला त्या आजोबाचे नाव नातवाला. ज्या नावाने एकेकाळी प्रजा कापत असे, ते पाळण्यात घालण्याचे धैर्य लेया दाखवते. सहाही अंकांतील सर्वांत मोठे शौर्य हेच म्हणावे लागेल.

चित्रांविषयी स्वतंत्र लिहिणे आवश्यक आहे. केनेडी हे स्कॉटलंडचे चित्रकार. ब्रिटनमधील युद्धकथा आणि विज्ञानकथा रंगवून त्यांचा हात तयार झाला होता. त्यांची रंगयोजना पहिल्या दृष्टीला विचित्र वाटते. माणसाचा चेहरा हिरवा, शेजारच्या चौकटीत तोच निळा, पुढच्या पानावर सगळेच तांबडे. वस्तूचा खरा रंग दाखवण्याऐवजी प्रसंगाचा भाव दाखवणारा रंग ते पानभर पसरतात. जुन्या नाटकांत लाल वा निळ्या काचेचा प्रकाश टाकून रंगभूमीचा भाव बदलत असत, तसाच हा प्रकार होय. नार शद्दाच्या एकावर एक चढलेल्या इमारती, अंधारे बोळ, गंजलेले लोखंड आणि दमट हवा त्यांनी अशी रंगवली आहे की पान उलटताना हाताला वंगण लागेल असे वाटावे. ओससच्या वृक्षाची पाने मात्र थांबून पाहावी अशी आहेत. तेथे रेषा संथ होते, चौकटी मोठ्या होतात आणि संवादाचे फुगे कमी होतात.

आता दोष. पहिला दोष गर्दीचा. सहा अंकांत इतके ग्रह, इतकी याने आणि इतकी चमत्कारिक नावे येतात की पूर्वीचे भाग न वाचलेला वाचक तिसऱ्या अंकात वाट चुकतो. दुसरा दोष शस्त्रांच्या महागाईचा. पहिल्या चित्रपटात एक ग्रह फोडणारे यंत्र आले तेव्हा अंगावर काटा आला. पुढे तसेच दुसरे आले. त्यानंतर ग्रह गिळणारी यंत्रे आली, आता आकाशगंगा ओलांडणारी तोफ आली. चलन भरमसाट छापले की रुपयाचे मोल घसरते. त्याचप्रमाणे ग्रहांमागून ग्रह नष्ट होऊ लागले की एका ग्रहाच्या नाशाचे दुःख वाटेनासे होते. एक चंद्र माणसांसकट नाहीसा होतो आणि वाचक शांतपणे पान उलटतो. हे वाचकाचे पाप नव्हे, लेखकाचे आहे. तिसरा दोष जेमच्या बाबतीत. ल्यूकच्या एकाकी आयुष्यात आलेली ही मुलगी पुरती उभी राहण्याआधीच तिचा अंत होतो. तिच्या मृत्यूला कथेत जेवढा अवकाश मिळायला हवा होता तेवढा तोफेने आधीच खाऊन टाकला आहे.

परंतु सर्वांत गंभीर आक्षेप सम्राटाविषयीच आहे. एकदा मेलेला खलनायक उठवला तर तो चमत्कार. दोनदा उठवला तर ती सवय. आणि सवय झालेला मृत्यू कोणालाच भीती दाखवू शकत नाही. फुटबॉलवेड्या गडहिंग्लजमधील पोरालाही हे सांगावे लागत नाही. यंदाचा सामना नवा, संघ नवा, चुरस नवी, हे खरे. पण गेल्या वर्षी पंचाने शेवटची शिट्टी वाजवल्यावर जो गोल फलकावर लागला तो यंदा कोणी पुसू लागला तर प्रेक्षक मैदानात उतरतील. व्हेडरने प्राण देऊन सम्राटाला विवरात टाकले होते. तो मेलाच नव्हता असे ठरले, तर त्या पित्याने नेमके काय केले? पहिल्या भागात या प्रश्नाची किंमत ल्यूकने मोजली होती. दुसऱ्या भागात सम्राट काचपात्रातून सहज चालत बाहेर येतो आणि त्याचे येणे कोणाच्याही अंतःकरणाला नवे काही विचारीत नाही.

मृत्यूनंतरही वैर चालू राहते ही कल्पना या मासिकाच्या वाचकांना नवी नाही. गुणभद्राचार्यांच्या ‘उत्तरपुराणा’त आलेली कमठ आणि मरुभूती यांची कथा घरोघरी ठाऊक आहे. क्षमा मागायला आलेल्या भावाच्या डोक्यात कमठ शिळा घालतो आणि ते वैर जन्मोजन्मी पुढे चालते. एका अर्थाने ही उत्तरभागांचीच मालिका होय. पण तेथील हिशेब पाहावा. प्रत्येक जन्मात देह बदलतो तसा जीवही बदलतो. एकाची शिल्लक क्षमेने वाढत जाते, दुसऱ्याचे ऋण द्वेषाने फुगत जाते. पार्श्वनाथांवर शेवटचा उपसर्ग करणाऱ्या त्या जीवालाही अखेर पश्चात्तापाची वाट मिळते आणि खाते मिटते. मागच्या जन्मातील एकही नोंद तेथे खोडली जात नाही. पॅल्पटीनच्या बाबतीत देह तेवढा नवा, आतील लोभ तोच, तेवढाच, त्याच जागी. दहा देह बदलून जो काहीच शिकत नाही तो परत आला असे म्हणणेही कठीण. तो जागचा हललेलाच नाही.

येथे कोल्हापुरात १९ जुलै १९३८ रोजी जन्मलेल्या डॉ. जयंत नारळीकर यांची आठवण होणे स्वाभाविक आहे. २० मे २०२५ रोजी त्यांचे निधन झाले. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत त्यांनी ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली आणि पहिले पारितोषिक मिळवले, हा प्रसंग प्रसिद्धच आहे. स्वतःच्या नावाच्या वजनाने निकाल झुकू नये म्हणून नावाची आद्याक्षरे उलटी करून घेणारा हा लेखक. त्यांच्या ‘वामन परत न आला’ या कादंबरीतही एका अतिबुद्धिमान यंत्रमानवाचा आणि त्याच्या प्रतिकृतींचा प्रश्न आहे. तोच वामन अनेक झाला तर माणसाचे काय होईल, ही त्यातील धास्ती. मौज अशी की त्याच कादंबरीच्या इंग्रजी अवताराचे नाव ‘द रिटर्न ऑफ वामन’, म्हणजे वामनाचे पुनरागमन, असे आहे. मराठी शीर्षकातील ‘न’ मात्र फार मोलाचा आहे. ‘परत न आला’ असे म्हणण्यासाठी लेखकाला आपल्याच निर्मितीचा मोह आवरावा लागतो. व्हिच यांना आणि त्यांच्यामागील व्यवसायाला तो आवरला नाही. लोकांना परिचित खलनायक हवा असतो, आणि परिचित माल लवकर खपतो.

या कथेचा शेवट ऑक्टोबर-नोव्हेंबर १९९५ मध्ये ‘एम्पायर्स एंड’ या दोन अंकी भागात झाला. तेथे सम्राटाचे उरलेले क्लोन त्याच्याच माणसांनी बिघडवून ठेवल्याचे उघड होते, त्याचा देह झपाट्याने सडू लागतो आणि तो लेयाच्या तान्ह्या मुलाच्या देहात शिरू पाहतो. हान सोलोची गोळी त्याला अडवते आणि त्याच्या सुटलेल्या चैतन्याला एक मरणोन्मुख योद्धा आपल्याबरोबर घेऊन जातो. त्या प्रचंड तोफेचा गोळा शेवटी बिस ग्रहावरच पडतो. दुसऱ्यासाठी घडवलेले शस्त्र घडवणाऱ्याचेच घर जाळते, हा न्याय वाचकाला सुखावतो. पण व्यवसायाने येथेही पूर्णविराम मानला नाही. २०१२ मध्ये डिस्नेने लुकास यांची कंपनी विकत घेतली. २०१४ मध्ये या सगळ्या जुन्या चित्रकथा-कादंबऱ्या अधिकृत कथानकाबाहेर काढून ‘लेजंड्स’, म्हणजे दंतकथा, म्हणून वेगळ्या ठेवल्या गेल्या. आणि डिसेंबर २०१९ मधील चित्रपटात सम्राट पॅल्पटीन पुन्हा एकदा उठून उभा राहिला. ज्या कथेला दप्तराबाहेर काढले तिचीच क्लृप्ती नव्या वहीत उतरवली गेली.

मग हे पुस्तक मुलांना द्यावे का? बारा-तेरा वर्षांपुढील मुलांना अवश्य द्यावे. लहानांना मात्र नको, कारण युद्धाची आणि श्वापदांची काही चित्रे उग्र आहेत. देताना पहिला भाग आधी वाचायला सांगावा, नाही तर दुसऱ्याचा थांग लागत नाही. शक्य झाल्यास वडीलधाऱ्यांनीही वाचावे. इंग्रजी फारसे अवघड नाही आणि चित्रे पुष्कळ समजावून सांगतात.

वाचताना नातवंड एक प्रश्न विचारील : “आजोबा, हा तर मागच्या भागात मेला होता, मग परत कसा आला?” या प्रश्नाला हसण्यावारी नेऊ नये. कदाचित त्याच घरात गेल्या वर्षी आजी गेलेली असेल. भिंतीवर तिचा हार घातलेला फोटो असेल. मूल विचारते सम्राटाबद्दल, पण त्याच्या मनात फोटो असू शकतो. त्याला क्लोनची गोष्ट सांगून वाटेला लावणे सोपे आहे. त्यापेक्षा ओससच्या झाडाचे पान उघडून द्यावे. तो वृद्ध गुरू परत येत नाही. त्याने मुळांखाली जपलेले ग्रंथ मात्र पुढच्यांच्या हाती येतात. नंतर शेवटचे पान दाखवावे, जेथे मृत आजोबाचे नाव एका तान्ह्या मुलाला मिळते. माणूस परत येत नाही. त्याने जपलेले आणि त्याचे नाव, एवढे मागील पानावरून पुढे येते. सम्राटाने दहा देह साठवूनही जे त्याला साधले नाही ते या दोन पानांवर साधले आहे, आणि त्या दोन पानांसाठी तरी हा सदोष उत्तरभाग वाचण्याजोगा ठरतो.